विकलांग सैनिकाचा हक्क आणि अलिबागची वाट

खालापूर तालुक्यातील उंबरखिंडीत 2 फेब्रुवारी 1661 रोजी कारतलबखानाच्या फौजेची कोंडी झाली, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु त्याआधी सव्वा वर्षापूर्वी, अफझलखानाचा पाडाव झाल्यावर, शिवाजी महाराजांनी जखमी शिपायांना जखमेचे मान पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली आणि लढाईत पडलेल्यांच्या निपुत्रिक स्त्रियांना निमे वेतन चालू केले, ही सभासदाने बखरीत नोंदलेली हकीकत तितकी सर्वश्रुत नाही. मला ती अधिक मोलाची वाटते, कारण इजेचे परिमाण ठरवून त्या प्रमाणात देणे चुकते करावे, हेच तत्त्व आजच्या विकलांगता-निवृत्तिवेतनाच्या मुळाशी आहे.

या वेतनाचे दोन अंश असतात: एक केलेल्या सेवेचा, दुसरा विकलांगतेचा. दुसरा मिळण्यासाठी विकार सेवेमुळे उद्भवलेला अथवा सेवेमुळे बळावलेला असावा आणि वैद्यकीय मंडळाने, म्हणजे फौजी ज्याला नुसते ‘बोर्ड’ म्हणतात त्याने, तो किमान 20 टक्के ठरवलेला असावा. शंभर टक्के विकलांगतेला अखेरच्या वेतनाच्या 30 टक्के, कमी असेल तर त्या प्रमाणात, असा हिशेब आहे; अखेरचे वेतन 40,000 रुपये धरले तर पूर्ण विकलांगतेला दरमहा 12,000 आणि वीस टक्क्यांना 2,400 रुपये होतात. मात्र पन्नासच्या आतील प्रमाण पन्नास धरावे, अशी तजवीज 1996 पासून लागू आहे आणि ती सेवाकाल पुरा करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाली पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार खटल्यात 10 डिसेंबर 2014 रोजी दिला. म्हणजे त्याच वीस टक्केवाल्याचे 2,400 रुपयांचे 6,000 होतात. शिवाय विकार कायम स्वरूपाचा ठरला की तो निर्णय आजन्म मानला जातो आणि सैनिकाने स्वतः मागणी केल्याखेरीज फेरतपासणी होत नाही. धर्मवीर सिंग यांच्या 2013 च्या खटल्यात तर न्यायालयाने निःसंदिग्ध सांगितले, की भरतीच्या वेळी ज्या रोगाची नोंद नव्हती तो सेवेतच जडला असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार सरकारने वाहावा. 21 सप्टेंबर 2023 पासून सेवा सोडणाऱ्यांना नवी नियमावली लागू झाली आहे. तीतही या गृहीतकाचा संकोच होऊ नये, असे माझे आग्रहाचे मत आहे.

कायदा इतका अनुकूल असताना माणूस अडतो कोठे? तो कागदावर अडतो. बोर्डाच्या कागदावर ‘सेवेशी संबंध नाही’ एवढा एका ओळीचा इंग्रजी शेरा असतो. त्यामागची कारणमीमांसा बहुधा नसते, आणि तोफखान्यात ऐकू येईनासे झालेला जवान तो कागद डिस्चार्ज बुकासह प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवून देतो. पहिल्या अपिलाची सहा महिन्यांची मुदत तेथेच, त्या पेटीत, उलटून जाते. पुढे सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे दाद मागता येते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

दुसरा घोटाळा टक्क्यांचा. लष्कराने ठरवलेले तीस टक्के निवृत्तिवेतनाला पुरतात, पण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखालील बहुतेक सवलतींसाठी 40 टक्क्यांची अट आहे आणि त्यासाठी मुलकी रुग्णालयाचे स्वतंत्र प्रमाणपत्र लागते, तेव्हा एस.टी.च्या खिडकीवर लष्करी कागद पुढे करणाऱ्या माजी सैनिकाला नकार मिळतो आणि आपला सारा हक्कच नामंजूर झाला, असे समजून तो घरी परततो.

महाड तालुक्यातील फौजी आंबवडे गावात घरोघरी सैनिक असल्यामुळे एकाचे प्रकरण अडले तर शेजारचा सुभेदार वाट दाखवतो. कर्जत-खालापुरातील माजी सैनिक मात्र नेरळ, कशेळे, चौक, वावोशी अशा गावांतून एकेकटा विखुरलेला आहे. त्याचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अलिबागला, आणि कर्जतहून तेथवर रेल्वे नाही; खोपोली, पेण करीत एस.टी.ने जायचे, ते गुडघ्यात सळई बसवलेल्या अथवा कृत्रिम पायावर चालणाऱ्या माणसाने. मुंबईची लोकल दाराशी असलेल्या तालुक्याने जिल्ह्याच्या कचेरीसाठी दिवस मोडावा, ही व्यवस्था सरकारने बदललीच पाहिजे. महिन्यातून एक ठरावीक दिवस कर्जतच्या आणि एक खालापूरच्या तहसील कचेरीत सैनिक कल्याण अधिकाऱ्याने बसावे, सोबत अपिलाचा मसुदा करून देणारा कारकून असावा, आणि बोर्डाचा शेरा कारणांसह मराठीत सैनिकाच्या हाती पडावा. यातील एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही.

कायदा बदलायला हवा तो अग्निवीरांसाठी. सेवेमुळे विकलांग झालेल्या अग्निवीराला प्रमाणानुसार 44, 25 किंवा 15 लाख रुपये एकरकमी मिळतात, आजन्म विकलांगता-निवृत्तिवेतन मिळत नाही. आणि ज्याची विकलांगता पन्नास टक्क्यांच्या, म्हणजे सर्वांत खालच्या, पायरीवरही बसत नाही त्याचे काय करायचे, याचे उत्तर, आज आपल्या मुलाला भरतीसाठी पहाटे धावायला पाठवणाऱ्या येथील आईबापांना, त्याची सही होण्यापूर्वी मिळाले पाहिजे.