रकाना नाही म्हणून विष नाही?

उन्हाळ्यात धरणाचे पाणी हिरवे झाले, म्हणून मायक्रोसिस्टिन या नील-हरित शेवाळाच्या विषाच्या तपासणीसाठी नमुना पाठवला. तो ‘हा घटक अर्जात नाही’ असा शेरा मारून परत आला, अशी तक्रार डायलिसिस तंत्रज्ञांच्या पत्रांतून येत आहे. जिवाणू, एंडोटॉक्सिन, क्लोरीन, ॲल्युमिनियम यांचे रकाने भरले की पाणी ‘योग्य’ ठरते. हा कारभार धोकादायक आहे. १९९६ मध्ये ब्राझीलमधील कारुआरूच्या डायलिसिस केंद्रात ५२ रुग्णांचा बळी याच विषाने घेतला. तिथल्या कार्बनमध्ये आणि रेझिनमध्येही ते सापडले.

हे विष यकृतपेशीत शिरून प्रोटीन फॉस्फेटेज १ आणि २ए बंद पाडते. केराटिनवर फॉस्फेटचा भार वाढतो, पेशीचा सांगाडा असलेले ॲक्टिनचे जाळे कोसळते आणि त्याच्या आधारावर उभे असलेले पेशींमधले सांधे सुटतात. पेशी गोल होऊन एकमेकींपासून अलग होतात, त्यांच्या ओळी मोडतात आणि यकृतात रक्त साचते. सांधा सांगाड्यावर किती अवलंबून आहे, हे फॅलॉइडिन या विषारी अळिंबीतल्या विषानेही दाखवले आहे. ते ॲक्टिनचे तंतू मोडत नाही, उलट घट्ट धरून ठेवते. तरीही उंदरांवरील १९८०च्या अभ्यासात पेशींमधले घट्ट सांधे गळके झाले आणि पित्तस्राव मंदावला. म्हणजे पेशी मरण्याआधीच यकृताची घडी विस्कटू शकते. एसजीपीटी वाढण्याची वाट पाहत बसणे म्हणूनच चुकीचे.

‘आरओ आहे, मग चिंता कसली?’ असे अधिकारी विचारतात. धड असलेला मेंब्रेन हे विष बऱ्याच अंशी अडवतो, हे खरे. पण मायक्रोग्रॅममधली गळती कंडक्टिव्हिटी मीटरला कळत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे. आपल्या रुग्णाच्या रक्तासमोरून एका बैठकीत सुमारे १२० लिटर पाणी जाते, तेही आतड्याचा अडसर नसताना. खर्चाची सबबही टिकत नाही. तपासणी बारमाही नको, पाणी हिरवे असेल तेव्हाच हवी, आणि एलायझा पुरते.

तेव्हा सदस्यांनो, शासनाच्या अर्जाची वाट पाहू नका. रकाना हाताने आखा, लेखी मागणी करा, नकारही लेखी घ्या. कार्बन बदलल्याची तारीख नोंदवा. एकाच पाळीत अनेकांना मळमळ, डोकेदुखी, अंधुक दिसणे सुरू झाले, तर डायलिसिस थांबवा आणि पाण्याचा नमुना गोठवून ठेवा.