गिओनमधली पाटी आणि काठीची होळी

तर झालं असं की, शुक्रवारी हापिसात जेवताना पुन्हा एकदा ‘परदेशातली संस्कृती’ निघाली. आमच्याकडे ऑनसाईट जाऊन आलेली मंडळी मुबलक, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी हा विषय होतोच. म्युनिकच्या ट्रेन, सिंगापूरचे फुटपाथ आणि शेवटी ठरलेलं वाक्य: प्रवासाने माणूस मोठा होतो बघ!

साफ खोटं. मीही चार वर्षांत सहा-सात देश हिंडलोय. प्रवासाने माणूस फक्त दंडाला घाबरायला शिकतो.

क्योटोचं घ्या. तिथल्या गिओन भागात गेइको आणि माइको दिसतात. पर्यटक कॅमेरे घेऊन त्यांच्या मागे धावायचे, किमोनो ओढायचे. वैतागून रहिवाशांनी २०१९ मध्ये खासगी गल्ल्यांत फोटोबंदीच्या पाट्या लावल्या, दंड १०,००० येन. २०२४ मध्ये तर काही गल्ल्या पर्यटकांना बंदच केल्या. मी पाटी वाचली आणि फोन निमूट खिशात टाकला. सोबतच्या टीममेटनेही. वर संध्याकाळी रामेन खाताना ‘दुसऱ्याच्या संस्कृतीचा मान’ यावर आमचं एक बौद्धिकही झालं :)

त्याच टीममेटला घेऊन मी होळीला काठीला गेलो. काठी म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं, अक्कलकुवा तालुक्यातलं गाव. तिथली राजवाडी होळी सगळ्या सातपुड्यात मानाची. रात्रभर ढोल वाजतात, होळी पेटते पहाटे. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरं नि भोपळे, अंगभर पांढरी नक्षी असे बुध्या आणि बावा नाचत असतात. हा काही ‘डान्स ट्रूप’ नाही हो. त्यांनी पाळणी केलेली असते: कित्येक दिवस जमिनीवर झोपायचं, अनवाणी हिंडायचं, ब्रह्मचर्य. नवस असतो तो.

आमचा गडी सरळ रिंगणात घुसला. एका बुध्याच्या खांद्यावर हात टाकला. एका मुलीने ओढणीने तोंड झाकलं, तर हा म्हणे, “अगं, जरा इकडे बघ ना!” इथे पाटी नव्हती ना. येनमध्ये नाही आणि रुपयांतही दंड नाही.

आणि मी काय केलं? त्याचा फोन हातात घेतला आणि त्याला फोटो काढून दिला. चार.

मी शहाद्याचा. जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा. २०११ च्या जनगणनेनुसार इथले सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. इतक्या जवळ राहून काठीची होळी मी पहिल्यांदा पाहिली सत्ताविसाव्या वर्षी, तीही पाहुण्याला दाखवायला म्हणून. ‘फोटो काढू का?’ हे मला जपानीत विचारता येतं, ‘शाशिन ओ तोत्ते मो ई देस का’, विमानात बसण्याआधी ॲपवर घोकलं होतं. पावरीत येत नाही. देहवालीतही नाही. लाज वाटते, पण खरंय.

आता कुणीतरी म्हणेलच की फोटोंमुळे जिल्ह्याचं नाव होतं, चार पैसे येतात. नाव व्हायचा अनुभव आम्हाला आहे, राजे. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच टेंभलीत दिलं गेलं. पंतप्रधान आले, झाडून सगळे कॅमेरे आले. मग गेले. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या गाड्या दिवाळीनंतर अजूनही माणसांनी भरून निघतात, त्यांच्यामागे कॅमेरा घेऊन धावताना मला तरी कुणी दिसलेलं नाही. पैसे येत असतील तर जरूर यावेत. पण मग कुठे उभं राहायचं, काय टिपायचं हे काठीवाल्यांनी ठरवावं, गिओनवाल्यांनी ठरवलं तसं. आपण पुण्यातून ठरवायचं नाही.

असो. पुढच्या होळीला टीममधले बारा जण यायचं म्हणतायत, एक्सेल शीटसुद्धा तयार झालीय. मी एकच अट घातली: रात्रभर फोन गाडीत ठेवायचे. शुक्रवार संध्याकाळपर्यंत नऊ जण गळाले होते.