रचनेला आवार लागते

संगीत स्वरांत असते, आवारात नसते. तेव्हा 'जैत रे जैत' या मराठी चित्रपटाची गाणी मुरबाडच्या माळावर गाइली काय किंवा कल्याणच्या बंदिस्त नाट्यगृहात गाइली काय, जाणत्या कानाला ती सारखीच. डोंगर, चांदणे आणि मोकळी हवा ही श्रोत्याला दिलेली निव्वळ लाच होय, असा फैसला एका विद्वान गृहस्थांनी नुकताच देऊन टाकला आहे. शहापूर-मुरबाडच्या रसिकांनी ऐकण्याची हौस असल्यास शहराकडे यावे, अशी पुरवणीही त्यांनी त्याला जोडली आहे. हा फैसला मला सपशेल अमान्य आहे.

याच गृहस्थांना ऐन सायंकाळी कोणी भैरव ऐकवू लागला, तर त्यांच्या कपाळावर आठी उमटल्यावाचून राहणार नाही, आणि उमटावीच. परंतु ज्या परंपरेत प्रहर चुकला असता रसभंग होतो आणि वैशाखाच्या उन्हात मल्हार पोरका वाटतो, त्या परंपरेचा अभिमान मिरवणाऱ्याने काळाला मानाचे पान वाढावे आणि स्थळाला मात्र उंबऱ्याबाहेर उभे करावे, हा न्याय कोणत्या दप्तरातला? प्रहर म्हणजे तरी काय? उजेडाचा कल, हवेतली ऊब, श्रोत्याच्या देहाची जागृती किंवा थकवा. हे सारे स्वराच्या बाहेरचेच आहे. प्रहर हा निव्वळ संकेत आहे असे म्हणून सुटका करून घ्यायची असेल, तर तो संकेत आधी सोडून दाखवावा. ते तो सोडणार नाहीत, कारण त्यांचा कान त्यांच्या सिद्धान्तापेक्षा शहाणा आहे. पश्चिमेकडचाच दाखला हवा असेल, तर जर्मनीतील वाग्नेर या रचनाकाराने बायरॉइट येथे आपल्या रचनांसाठी स्वतंत्र नाट्यगृह उभारले, 1876 साली ते खुले केले, वादकवृंद प्रेक्षकांच्या दृष्टीआड दडवला आणि 1882 साली रंगमंचावर आलेले 'पार्सिफाल' त्याच वास्तूचा नाद मनात धरून रचले. ध्वनिक्षेपक आला तेव्हाही, यंत्राने गाणे बदलत नाही, असे आम्हांस बजावण्यात आले होते. पाहता पाहता गवई त्या यंत्राच्या भरवशावर गळा आवरून गाऊ लागले.

उरलेल्या हरकतींना एकेक ओळ पुरे. उघड्यावर वारा स्वर उडवतो म्हणतात. तर श्रोते जवळ बसवावेत. शहरात यावे म्हणतात. मुरबाडास आगगाडी नाही, आणि मैफल संपेपर्यंत शेवटची एस.टी. निघून गेलेली असते.

आता मंडन. 1977 सालच्या 'जैत रे जैत'ला गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली लाभल्या, आणि त्या चालींत ठाकर या आदिवासी समाजाचा ढोल व समूहस्वर मुरलेला आहे. शहापूर-मुरबाडच्या ठाकरवाड्यांत तोच समाज नांदतो. भातकापणीनंतर टणक झालेल्या खाचरात ढोल वाजला, की भिंतींवरून परतणारा नाद नसल्यामुळे प्रत्येक थाप सुटी, कोरडी उमटते आणि भुईवर पडणाऱ्या टाचेचा आवाजही तालात सामील होतो. बंद दिवाणखान्यात मागची थाप पुढचीवर चढते आणि टाच गालिच्यात बुडते. डोंगरावरच्या मधमाश्यांशी वैर मांडणाऱ्या नाग्याची, म्हणजे चित्रपटाच्या नायकाची, ही गाणी शहापूरजवळच्या माहुलीच्या सुळक्यांसमोर ऐकणाऱ्यास वर चढणारा स्वर कशाशी झुंजतो आहे, हे कोणी समजावून द्यावे लागत नाही. डोंगर गाण्याला सजवीत नाही. गाण्यातला अर्धा अर्थ तो जागच्या जागी उभा राहून पुरवतो.

नाट्यगृहे मोडावीत असे माझे म्हणणे नाही. रचनाकाराने ज्या जीवनाकडून लय घेतली, त्याच्या अंगणात ती एकदा ऐकल्यावाचून तिच्या गुणदोषांचा निवाडा करू नये, एवढाच माझा आग्रह. येत्या भातकापणीनंतर अशी एक बैठक शहापुरास आणि एक मुरबाडास व्हावी, आधी वाडीवरच्या ढोलकऱ्यांनी वाजवावे, मग शहरच्या गायकांनी गावे. आणि फैसला देणाऱ्या गृहस्थांनी पहिल्या रांगेत, भुईवर मांडी घालून त्या दोन्ही अखेरपर्यंत ऐकाव्यात.