शेतातलं नायट्रेट, शहराला भुर्दंड

अमेरिकेच्या आयोवा राज्याची राजधानी डिमॉइन ओळखली जाते ती सोनेरी घुमटाच्या विधानभवनासाठी आणि विमा कंपन्यांसाठी. डिमॉइन आणि रकून या नद्यांचा संगम शहरातच होतो आणि पिण्याचं पाणीही मुख्यतः त्यांचंच. १९९३च्या जुलैत रकूनचा पूर जलशुद्धीकरण केंद्रात शिरला, तेव्हा सुमारे अडीच लाख लोकांचे नळ बारा दिवस कोरडे पडले. त्या धड्यानंतर बांध उंच झाले. नायट्रेटला मात्र बांध नाही, आणि त्याचा खर्च आजही पाणी पिणाऱ्याच्याच बिलात जातो. तो वरच्या अंगाला जमीन कसणाऱ्यांनीही उचलायला हवा.

नदीच्या वरच्या अंगाची बरीच जमीन मुळात पाणथळ. ती मका-सोयाबीनखाली आली ती तीन-चार फूट खोल पुरलेल्या निचरा-नळ्यांमुळे. मुरलेला पाऊस मुळांजवळचं नायट्रेट घेऊन नळीत, नळीतून चरात आणि चरातून नदीत जातो. नळीच्या तोंडाशी हे पाणी अगदी नितळ दिसतं. उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचं प्रमाण वाढतं. नायट्रेटमुळे तान्ह्या बाळांच्या रक्तातून प्राणवायू नीट वाहिला जात नाही, म्हणून अमेरिकेत नायट्रेटरूपी नायट्रोजनची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. ती पाळण्यासाठी शहराने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच नायट्रेट काढणारं खास संयंत्र बसवलं. तरीही जून २०२५मध्ये मागणी आवाक्यात ठेवण्यासाठी परिसरात हिरवळीला पाणी घालण्यावर बंदी आणावी लागली. त्याआधी २०१५मध्ये शहराच्या पाणीपुरवठा संस्थेने तीन काउंट्यांतल्या निचरा मंडळांवर दावा लावला होता. तो २०१७मध्ये फेटाळला गेला. मंडळांचं काम पाणी काढून देण्याचं, प्रदूषण रोखण्याचा अधिकारच त्यांना नाही, असं ठरलं. थोडक्यात, नळीला मालक आहे, नळीतून येणाऱ्या पाण्याला नाही.

शेतकऱ्यांची बाजू पोकळ नाही. तिथल्या काळ्या मातीत नायट्रोजन मुळातच भरपूर, खत कमी केलं तरी काही पाझरणारच. पण पूर्वी याच मातीवर बारमाही गवत होतं. आता कापणीपासून पुढच्या पेरणीपर्यंत बहुतेक रानं उघडी असतात, नायट्रेट धरून ठेवायला मुळंच नसतात. शहर शेतीवर जगतं, हेही मान्य. पण म्हणून शेतीचा खर्च नळाच्या बिलातून वसूल करायचा? उपाय सगळ्यांना ठाऊक आहेत: हिवाळ्यात राय हे धान्य पेरणं, पाणथळ जागा परत करणं, नळीच्या तोंडाशी लाकडाच्या ढलप्यांचे चर. राज्याच्या २०१३च्या आराखड्याने हे सारं ऐच्छिक ठेवलं. २०१०मध्ये मतदारांनी पाणी आणि निसर्गासाठी खास निधी राज्यघटनेत घातला, पण त्यासाठी विक्रीकर वाढवायला विधिमंडळ धजावलं नाही आणि तिजोरी रिकामीच राहिली. निचरा मंडळं जमीनमालकांकडून पट्टी आजही गोळा करतात. कायद्यात दुरुस्ती करून त्याच पट्टीतून नळीच्या तोंडाशी शुद्धीकरण सक्तीचं करता येईल, आणि लहान शेतकऱ्याला त्यात राज्याने हातभार लावावा.