गुडघ्याला सुट्टी देऊ नका

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या गुडघ्याचा एक्स-रे काढला, की ‘गॅप कमी झालाय’, ‘गादी झिजली’ असं घरभर जाहीर होतं आणि मनाई सुरू होते: जिना नको, भाजीला चालत जाणं नको. ही मनाई काळजीपोटीच असते, पण माझ्या मते बहुतेक गुडघ्यांचं नुकसान तीच करते. मुळात फोटो आणि दुखणं यांची सांगड फार सैल आहे. फोटोत भरपूर झीज दिसूनही बिनतक्रार हिंडणारी माणसं असतात, आणि फोटो जवळपास स्वच्छ असताना कळा सोसणारीही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचना तर सांगतात, की वय ४५ किंवा त्याहून जास्त असेल, हालचालीबरोबर सांधा दुखत असेल आणि सकाळचा ताठरपणा नसेल किंवा अर्ध्या तासात जात असेल, तर झिजेच्या संधिवाताच्या (ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या) निदानासाठी एरवी एक्स-रे लागतच नाही.

हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टेकलं की ती दाबली जाते, उचललं की सुटते, आणि या दाबण्या-सुटण्यात सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं. उभ्या गाडीचा टायर झिजत नाही. कूर्चा मात्र नुसतं बसून राहिल्यानेही खंगते. त्याआधी खंगतो तो मांडीचा पुढचा स्नायू. खुर्चीतून उठताना दोन्ही हात टेकावे लागतात तेव्हा आपण बोल गुडघ्याला लावतो, कमी पडलेली असते बऱ्याचदा मांडी. अमेरिकेतल्या जुन्या-नव्या सांगाड्यांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिथे गुडघ्यांचा हा संधिवात दुपटीने वाढल्याचं त्यात दिसलं, तेही वय आणि वजन यांचा हिशेब वेगळा काढून. गुडघे निव्वळ वापराने जात असते, तर आपल्याहून कितीतरी जास्त चालणाऱ्या जुन्या पिढ्यांचे आधी जायला हवे होते.

यावर कोणी म्हणेल, वाकून, उकिडवं बसून जन्मभर शेतात राबलेल्या बायकांचे गुडघे जातातच की. जातात. वर्षानुवर्षं उकिडवं बसणं आणि ओझी उचलणं हा खरा धोका आहे, आणि त्यांना ‘अजून हालचाल करा’ असं सांगणं क्रूरपणाचं ठरेल. पण त्यांचं उदाहरण दिवसभर सोफ्यावर बसणाऱ्याने द्यावं, हे काही पटत नाही. दुसरा आक्षेप: व्यायामाने दुखतं. सुरुवातीला दुखतं खरं. सोसवेल इतकं दुखणं चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळपदावर आलं नाही किंवा गुडघा सुजला, तर मात्रा कमी करायची. व्यायामाचा गुण मध्यमच असतो, हेही कबूल करायला हवं. पण वेदनाशामक गोळ्यांचा गुणही काही फार मोठा नसतो, आणि त्या पोटाला व मूत्रपिंडाला भोवतात. वजन जास्त असेल तर ते उतरवणं आलंच: एक किलो कमी झालं की दर पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो.

मग सरळ ऑपरेशनच का नको? दुर्बिणीतून सांधा ‘साफ’ करण्याबद्दलचा निकाल ह्यूस्टनच्या २००२च्या प्रयोगाने लावला. १८० रुग्णांपैकी काहींना नुसत्या वरवरच्या चिरा दिल्या होत्या; दोन वर्षांनंतरही खरी शस्त्रक्रिया झालेले त्यांच्यापेक्षा बरे नव्हते. सांधा बदलण्याची गोष्ट वेगळी. २००० आणि २००१ साली मुंबईत अटलबिहारी वाजपेयींचे दोन्ही गुडघे बदलले गेले आणि ही शस्त्रक्रिया घरोघरी माहीत झाली. जिथे बाकी उपाय थकले, तिथे ती वरदानच आहे. मात्र बाकी उपाय करून तरी पाहिलेले असतात का? केंद्र सरकारने २०१७ साली कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली, हे उत्तमच झालं. बाकी उपायांना मात्र असा हातभार मिळत नाही. विम्याचं बघा: रुग्णालयात दाखल होऊन गुडघा बदलला तर बहुतेक पॉलिसी पैसे देतात, पण फिजिओथेरपिस्टकडे तीन महिने जाऊन मांडी कमावायची म्हटलं तर तो खर्च बहुधा पेशंटच्याच खिशातून जातो.