बिअर नंतर, आधी गॅस!

अमेरिकेत घरी बिअर बनवणाऱ्या मंडळींच्या गप्पा कधी ऐकल्यायत? हॉप्स कुठले, यीस्ट कुठलं, माल्ट किती भाजलेलं... अगदी सवाई गंधर्वच्या पहिल्या रांगेत बसल्यासारखे बोलतात. पण हे सगळं ज्या आगीवर उकळतं तिच्याबद्दल विचारा, बॉस एका वाक्यात विषय संपवतो, ‘अरे, साधा टर्की फ्रायरचा बर्नर आहे!’

साधा? चला, बघूया.

आधी कायद्याचा फंडा क्लिअर करू. १९७८ साली जिमी कार्टर यांनी सही केली आणि घरगुती बिअरला फेडरल पातळीवर परवानगी मिळाली. घरात एकच प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००. अलाबामा आणि मिसिसिपी ही राज्यं मात्र २०१३ पर्यंत अडून बसली होती. आपल्या महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर गाळणं हा गुन्हाच आहे, तेव्हा हा कॉलम वाचून कांदिवलीच्या गॅलरीत प्रयोग नकोत. प्लीज.

नेहमीची बॅच असते पाच गॅलनची, म्हणजे १९ लिटर. उकळायला घेताना सहा-सात गॅलन घ्यावं लागतं, कारण तासभर खळखळ उकळवायचं असतं. तेही झाकण न ठेवता. झाकलंत तर वाफेबरोबर उडून जाणारं डायमिथाइल सल्फाइड आतच राहतं आणि बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो. किचनमधल्या शेगडीवर एवढं पातेलं उकळेपर्यंत एक अख्खा हिंदी सिनेमा बघून होईल. म्हणून प्रोपेनचा बर्नर. ताशी ६० हजार बीटीयू किंवा त्याहूनही जास्त. घरच्या शेगडीचा मोठा बर्नर साधारण १० ते १५ हजारांचा असतो.

गेल्या वर्षी इथल्या एका पुणेकर मित्राला त्याच्या बॅकयार्डात तीन बर्नरचा स्टँड उभा करायला मदत केली. एक पातेलं गरम पाण्याचं, एक माल्टचं, एक उकळायचं. तेव्हा जाणवलं, की लाल सिलिंडरबरोबर वाढलेल्या आपल्यासारख्यांना गॅसची एक उपजत शिस्त असते. झोपताना रेग्युलेटर बंद. वास आला की दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, खिडक्या उघडायच्या. हे सगळं आईने डोक्यात ठोकून बसवलेलं असतं. ते इथे जाम उपयोगी पडतं. आणि नेमकं तेच दोन ठिकाणी दगाही देतं.

पहिली जागा, प्रेशर. आईच्या शेगडीचा रेग्युलेटर ठरलेल्या, अगदी कमी दाबाने गॅस सोडतो. अर्धा पीएसआयसुद्धा नाही. त्याला फिरवून दाब वाढवायची सोयच नाही. या बर्नरांचा रेग्युलेटर मात्र ॲडजस्टेबल, १०, २० किंवा ३० पीएसआयपर्यंत जाणारा. २० वर ठेवलात तर आईच्या शेगडीच्या चाळीस-पंचेचाळीस पट दाब! त्यामुळे ‘नळी म्हणजे नळी, त्यात काय’ हे इथे चालत नाही. नळी, व्हॉल्व्ह, प्रत्येक जोड त्या दाबाच्या रेटिंगचा हवा. बागेच्या पाण्याची नळी आणि क्लॅम्प असला जुगाड तर अजिबात नाही.

एकाच सिलिंडरवर तीन बर्नर चालवायचे तर स्टँडला गॅसचा काळा लोखंडी पाइप आणि प्रत्येक बर्नरला वेगळा व्हॉल्व्ह. आट्यांच्या जोडाला गॅससाठीची पिवळी टेप, नळवाल्याची पांढरी नाही. फ्लेअर जोडाला मात्र टेप लावायचीच नाही, तिथे धातूला धातू घट्ट बसतो आणि टेप उलट गळती करते. मग साबणाचं पाणी. गॅस सोडून प्रत्येक जोडावर ब्रशने लावायचं. बुडबुडा आला, की बंद करून पुन्हा आवळायचं. काडी पेटवून गळती शोधणारे काका प्रत्येक कुटुंबात एक असतात, त्यांना या दिवशी बोलवू नका.

आणखी एक गंमत. सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटकन उघडलात आणि बर्नरचा आधीच उघडा असेल, तर जोडातली सुरक्षेची यंत्रणा ‘नळी फुटली’ असं समजून गॅस अडवते. ज्योत केविलवाणी होते, लोक बर्नरला शिव्या घालतात. सगळं बंद करा, मिनिटभर थांबा, मग हळूहळू उघडा. चालतं.

उतू जाणं तर आपल्याला पाठच असतं. माल्टचं पाणी पहिल्या उकळीला दुधासारखंच फसफसून वर येतं. फरक एवढाच, की इथे ज्योत विझली तरी २० पीएसआयने गॅस येतच राहतो आणि प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, जमिनीलगत साचतो. म्हणून मुख्य व्हॉल्व्ह हाताशी, पण पातेल्यापासून लांब. आणि उकळी येताना मोबाइल खिशात.

दुसरी जागा म्हणजे घर. आपली शेगडी घरातच असते, म्हणून ‘गॅरेजमध्ये लावू, दार उघडं ठेवू’ हे अगदी सहज सुचतं. विशेषतः जानेवारीत, बाहेर बर्फ पडत असताना. इथे मी कुणाशी वाद घालत नाही. एवढ्या मोठ्या ज्योतीतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड उघड्या दारानेही पुरेसा बाहेर जाईल याचा भरवसा नसतो. प्रोपेनमध्ये मुद्दाम घाणेरडा वास मिसळतात म्हणून नाक सावध करतं. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. डोकं दुखतं, झोप येते, माणूस म्हणतो आठवडाभराची थकावट असेल. पिवळी ज्योत दिसली तर समजा हवा कमी पडतेय. बर्नरच्या तोंडाची झडप फिरवून ती निळी करा. पण निळ्या ज्योतीलाही घरात जागा नाही.

थंडीतच बनवायची हौस असेल तर विजेवर जा. २४० व्होल्टवर चालणारी ५५०० वॉटची कॉइल मिळते. त्यासाठी लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन आणि शॉक लागण्याआधी वीज तोडणारं सर्किट हवं, शिवाय वाफ बाहेर टाकायला पंखा. खर्च जास्त, पण ज्वाळा नाही.

मित्राला ज्वाळाच हवी होती. त्याने स्टँडला ब्रेकवाली चाकं लावून घेतली. गॅरेजमध्ये ठेवायचा, बाहेर ड्राइव्हवेवर काढायचा, ब्रेक दाबायचा, मगच नळी जोडायची. सिलिंडर गॅरेजमध्येही नाही. तो बारा महिने घरामागे, सावलीत, उभा.