अपेंडिक्स आणि दप्तरातील अनिर्दिष्ट कप्पा

आषाढात इगतपुरीकडे भाताची आवणी चालू असता, चिखलात वाकून रोपे लावणाऱ्याच्या बेंबीभोवती जी मंद कळ उठते ती बहुधा वाताच्या नावावर खपते. आणि काही तासांनी तीच कळ उजवीकडे खाली उतरून स्थिरावली, अन्नावरची वासना उडाली, ओकारी झाली, तरीही रोज बुडू नये म्हणून मनुष्य एरंडेल घेऊन पडून राहतो. आंत्रपुच्छाचे मुख कठीण मळाच्या खड्याने वा सुजेने बंद होऊन आत ताण वाढत असता जुलाब घेणे म्हणजे फुटीला आमंत्रणच. त्यातही फसवे हे की, पुच्छ फुटताच वेदना कधीकधी घटकाभर ओसरते, घरचे देवीपुढे नारळ ठेवतात, आणि पोटात पू पसरू लागतो.

येथवर वैद्याचा प्रांत, पुढे कारकुनाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत तीव्र आंत्रपुच्छदाहास के ३५ हा संकेतांक असून, उदरावरणाचा दाह सर्वत्र पसरला असल्यास के ३५.२, एका जागी सीमित असल्यास के ३५.३, असे पोटभेद आहेत. आणि ज्या कागदावर डॉक्टरांनी नुसते ‘अपेंडिसायटिस’ एवढेच खरडले, त्यासाठी के ३७ हा अनिर्दिष्टांचा कप्पा. माझा आक्षेप या कप्प्याच्या सोयीवर आहे. शहरात तो आळस म्हणून क्षम्य ठरेल (मी तेथेही मानत नाही). परंतु जेथे आडबाजूच्या पाड्यावरून रोग्याला झोळीतून डांबरी सडकेपर्यंत आणण्याची पाळी येते आणि शस्त्रक्रियेसाठी अनेकदा सुमारे ४५ किलोमीटरवरील नाशिक गाठावे लागते, तेथे के ३५.२ ही पुष्कळदा विलंबाची सरकारदरबारी रुजू झालेली साक्ष असते. पावसाळ्यात अशा नोंदी कोणत्या गावांतून वाढतात हे दप्तरावरून उमगले, तर रुग्णवाहिका कोठे उभी करावी याचा निवाडा पुढाऱ्याच्या शिफारशीवाचून होईल.

संकेतांक घालणारा कारकून रोग्याचे पोट पाहत नाही, त्याच्यापुढे येतो तो कागद. म्हणून दुखणे सुरू झाल्यापासून भरती होईपर्यंत किती तास गेले, आणि शस्त्रक्रियेत पुच्छ अखंड सापडले की फुटलेले, हे दोन तपशील भरल्यावाचून डिस्चार्ज कार्ड दाखल करून घेऊ नये, असा हुकूम जिल्हा शल्यचिकित्सकांनी काढावा. तासांसाठी वर्गीकरणात अंक नाही. तो रकाना आपल्यालाच आखावा लागेल.